नऊ पाइप, एक वाटी जास्त

३ फेब्रुवारी

पोचले एकदाची. पाय सुजलेत, कंबरेचे तुकडे पडलेत, पण मी खूश आहे. नोकरी मिळाली, खोली मिळाली आणि खोलीतलं बेसिन चक्क स्वच्छ निघालं. मी कुठेही राहायला गेले की आधी बेसिनला नाक लावते. लेक म्हणते, आई, तू माणसं बघत नाहीस, त्यांच्या गटारी बघतेस. म्हणू दे. वीस वर्षं हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये काढल्यावर नाक डोक्याच्या आधी चालायला लागतं.

गाव लहान आहे, डोंगराच्या अंगाला. सहा वर्षांपूर्वी याच डोंगराचा एक भाग सुटून वरच्या रस्त्यावर आला, हे अर्ज करतानाच वाचलं होतं. मला वाटलं, अजून पत्र्याच्या शेडी असतील, रडके चेहरे असतील. कसलं काय! नवी घरं, नवी शाळा, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पावसाच्या पाण्याचे चर, आणि त्या चरांत कचरा नाही. दरड कोसळली त्या दिवशी जे मदत-स्वयंपाकघर सुरू झालं ते या लोकांनी आजवर बंद केलेलं नाही. म्हातारे, आजारी, एकटे, ज्याला लागेल त्याला दोन वेळचं जेवण. त्याची व्यवस्थापक आता मी.

बसथांब्यावर न्यायला स्वतः मास्तर आले होते. शाळेचे निवृत्त हेडमास्तर, आता आपत्ती समितीचे अध्यक्ष. इस्त्रीचा शर्ट, हळू आवाज. मी नको नको म्हणत असताना माझी जड बॅग त्यांनी खोलीपर्यंत आणून ठेवली. स्वयंपाकघरात मुख्य स्वयंपाकीण आहे ती साऱ्या गावाची मावशी, तासाभरात माझीही झाली. डाव मापाप्रमाणे ओळीनं टांगलेले, ओटा लख्ख. असं स्वयंपाकघर बघितलं की मला भरून येतं. लेकीला फोन करून सांगितलं, तुझी आई आता इथून हलत नाही.

६ फेब्रुवारी

आज सराव होता. सकाळी दहाला भोंगा वाजला आणि खालच्या गल्लीतली साठ घरं अकरा मिनिटांत मैदानावर आली. अकरा! मास्तर घड्याळ धरून उभे होते. प्रत्येक घराच्या दाराशी बॅग भरून ठेवलेली असते. प्रत्येक म्हाताऱ्या माणसाला उचलायला दोघं जण ठरलेले. एका आजोबांना खुर्चीसकट आणलं, त्यांच्या हातात चहाचा कप होता आणि तो सांडलाही नव्हता. मलाही लगेच काम लावलं, गॅस बंद करायचा आणि जेवणाऱ्यांची यादी घेऊन मैदानावर यायचं. छाती फुगवून गेले. आमच्या शहरात भोंगा वाजला असता तर अर्धे लोक खिडकीतून फोटो काढत बसले असते.

एकच गोष्ट मला खटकली. रोज सकाळी सगळ्यांच्या आधी एक मोठं पातेलं चढतं. पिठाची पातळ पेज, अळणी, फडक्यातून दोनदा गाळलेली, वीस लिटर. ही कुणासाठी, असं विचारलं तर मावशी म्हणाली, ज्यांना चावता येत नाही त्यांच्यासाठी. मग त्यांची नावं माझ्या यादीत का नाहीत? ती म्हणाली, त्यांची यादी वेगळी असते, आणि कांद्याकडे वळली.

शिवाय मागच्या दाराकडून वास येतो. थोडासाच, ओल्या चिंध्यांसारखा. उद्या शोधते.

९ फेब्रुवारी

वास सापडला. सापडला नसता तर बरं झालं असतं.

स्वयंपाकघरामागे उंच भिंतीचं अंगण आहे. त्यात जमिनीतून नऊ पाइप वर आलेत, कंबरेइतके, निळा रंग दिलेले, प्रत्येकाला आकडा आणि झाकण. एक कुटुंब आलं होतं, नवरा, बायको, शाळेच्या गणवेशातली मुलगी. गावात प्रत्येक घराचा वार ठरलेला आहे म्हणे. त्यांनी झाकणं काढली, प्रत्येक पाइपात नरसाळं लावून एकेक जग पेज ओतली, पाइपाचं तोंड फडक्यानं पुसलं, झाकण लावलं. कुणी चकार शब्द काढला नाही. मुलीनं शेवटचं झाकण लावलं आणि शाळेत गेली.

मला वाटलं, हे काहीतरी स्मारक असावं. आणि मी भडकलेच. मावशीला सांगितलं, श्रद्धा ठीक आहे, पण स्वयंपाकघराला लागून रोज वीस लिटर अन्न मातीत सडवायचं? उंदीर होतील, माश्या होतील, त्या माझ्या भांड्यांवर येऊन बसतील. मावशीनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, पोरी, चार नंबरचं झाकण काढ आणि हात धर वर.

धरला. तळहाताला वारा लागला. कोमट. मग तो आत ओढला गेला. मग परत बाहेर. आत, बाहेर. आणि त्याला वास होता. मला वास ओळखू येतात. तो मातीचा नव्हता, गटाराचा नव्हता, सडक्या अन्नाचाही नव्हता. कित्येक महिने न घासलेल्या तोंडाचा होता.

मावशीनं थोडी पेज ओतली. खोल कुठेतरी ती पत्र्याच्या डब्यात पडल्याचा आवाज झाला. मग पाइपावर एक टिचकी वाजली. पोचलं, असं सांगणारी.

मी हात साबणानं सात वेळा धुतला. अजून नाकाजवळ नेववत नाही.

१० फेब्रुवारी

मास्तरांनी बोलावून घेतलं. चहा पाजला. वर्गात धडा समजावून सांगावा तसं शांतपणे सांगितलं, आणि माझ्या हातातला चहा तसाच गार होत गेला.

अंगणाच्या खाली शिवणकामाच्या कारखान्याचं तळघर आहे. दरड आली तेव्हा नऊ कामगार आत होते. पाच बायका, चार पुरुष. छप्पर टिकलं, आत झऱ्याचं पाणी येत होतं, माणसं जिवंत होती, ओरडत होती. गाव खणायला धावलं. पण इंजिनिअरनं डोंगर बघून सांगितलं की इथली माती काढलीत तर वरचा राहिलेला भाग सुटेल आणि खालची गल्ली जाईल. साठ घरं. समितीनं मैदानावर सभा घेतली. हात वर करून मतं घेतली. खणायचं नाही, असं ठरलं. पण मरूही द्यायचं नाही, असंही ठरलं. प्लंबरनं नऊ पाइप उतरवले. तेव्हापासून एक दिवस चुकलेला नाही.

मास्तर म्हणाले, आम्ही कुणाचा जीव घेतलेला नाही. प्रत्येक घर आपला वाटा उचलतं. आणि खरंच अभिमानानं म्हणाले ते! बाहेर मात्र नऊ मृत कळवलेत. चौकात नऊ नावांची पाटी आहे. काल मी तिच्यासमोर उभी राहून हात जोडले होते. शी!

सहा वर्षं. त्या नऊ जणांनी सहा वर्षांत काही चावलेलं नाही.

पाइपात बोलायला मनाई आहे. मी विचारलं, का? पहिल्या वर्षी लोक बोलायचे, म्हणे. पण मग घरी जाऊन जेवण जाईना, कामं होईनात. गावाला उभं राहायचं होतं.

१४ फेब्रुवारी

मी गेले नाही. हे लिहून ठेवते, कारण नंतर मला स्वतःपुढे सारवासारव करायला जमू नये. दोनदा बॅग भरली. राज्याच्या आपत्ती कार्यालयाला फोनही केला. तिथल्या माणसानं यादी बघितली, नऊही जण मृत आहेत म्हणाला, तरी तुमचं काही म्हणणं असेल तर लेखी अर्ज करा. तासाभरात मास्तर माझ्यासाठी पेरू घेऊन आले. रागावले नाहीत. नवीन माणसाला जड जातंच, म्हणाले.

आणि मग मी काय केलं? पेज सुधारली. अळणी पेजेवर माणूस कसा जगेल, म्हणून मीठ घातलं, तेल घातलं, डाळ शिजवून घोटून घातली. पाइपांवर त्या दिवशी टिचक्या जोरात वाजल्या आणि मला बरं वाटलं. समितीनं वहीत माझं कौतुक लिहिलं. सुगरण ठरले मी. 

आज पाइप साफ करायचा दिवस होता. प्लंबर लांब दोरीला बांधलेला ब्रश आत सोडतो आणि ओढून काढतो. पन्नाशीचा माणूस आहे, कुणाच्या डोळ्यांत बघत नाही. ब्रश धुवायचं काम मी मागून घेतलं. पाइपाच्या आतली साय, पांढरी, बोटाला तार सुटणारी. केस. कुणाच्या तरी ओठाची सालं.

चार नंबरच्या ब्रशाला शिवणाचा लाल दोरा बांधलेला होता. घट्ट, तीन गाठी मारून. दोऱ्याच्या टोकाला दात होता. इवलासा, तांदळाच्या दाण्याहून थोडा मोठा. दुधाचा दात.

तळघरात मूल नव्हतं. पाच बायका, चार पुरुष.

प्लंबरनं दात बघितला आणि म्हणाला, पहिल्या वर्षी चिंध्या यायच्या, त्यांवर काहीतरी लिहिलेलं असायचं. न वाचता जाळायच्या, असं ठरलं होतं. त्यानं जाळल्या.

१५ फेब्रुवारी

दात मावशीला दाखवला. ती कणकेच्या पराती­समोरच खाली बसली.

चार नंबरला तिची सून आहे. दरड आली तेव्हा तिला पाचवा महिना होता. मावशीनं हे सभेत सांगितलं नव्हतं. कारण मुलगा घरी होता, घर खालच्या गल्लीत होतं, घराचे हप्ते नुकते फिटले होते. मी विचारलं, मावशी, तुझा हात वर होता? तिनं पिठाचा हात पदराला पुसला आणि म्हणाली, होता गं.

मुलानं दुसरं लग्न केलंय. दोन नातवंडं आहेत. मावशी एकाच्या डब्यात रोज गूळ घालते.

दात तिनं मागितला. मी दिला नाही.

१७ फेब्रुवारी

दुपारी दोन ते चार स्वयंपाकघर बंद असतं. चार नंबरचं झाकण काढून मी बोलले. नाक दाबून बोलले, हे लिहायची लाज वाटते, पण दाबलं होतं.

एक आवाज आला. बारीक, खरखरीत, शब्द चिकटलेले. मूल आहे. मी नाव विचारलं. नाव म्हणजे काय ते त्याला माहीत आहे, पण सांगितलं नाही. उलट त्यानंच मला विचारलं, तू कितवा पाइप आहेस.

मी म्हटलं, मी पाइप नाही, मी बाई आहे, वर राहते. त्यानं विचारलं, वर काय असतं. मी ओट्यापासून सुरुवात केली, खिडकी म्हटलं, झाड म्हटलं. त्याला एकही शब्द ओळखीचा नव्हता. शेवटी म्हणालं, पेज आता खारट येते ती छान असते.

मी या मुलाला बाहेर काढणार आहे. बाकी काही मला कळत नाही. डोंगर कळत नाही, इंजिनिअर कळत नाही. मूल बाहेर आलं पाहिजे.

१९ फेब्रुवारी

सभा झाली. मीच मागितली आणि मास्तरांनी लगेच दिली, ते नियमाचे पक्के आहेत.

मी दात टेबलावर ठेवला. सगळ्यांनी उठून बघितला, कुणी हात लावला नाही. मी म्हटलं, तुमची खालची गल्ली अकरा मिनिटांत रिकामी होते, मी डोळ्यांनी बघितलंय. भोंगा वाजवा, सगळ्यांना मैदानावर घ्या, आणि मग खणा. डोंगर आला तर येऊ द्या. खाली माणूसच नसेल तर मरणार कोण?

हे त्यांना सुचलं नसेल, असं मला वाटलं होतं. इतकी मूर्ख आहे मी. कुणीही चमकलं नाही. सगळे एकदम खाली बघायला लागले. मग मास्तर हळूच म्हणाले, आणि घरं?

एवढंच. आणि घरं.

सहा वर्षं आम्ही— नाही, आम्ही नाही, हे लोक. यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. माणसांच्या बदल्यात माणसं वाचवायची नव्हतीच. भिंती वाचवायच्या होत्या. पडदे, कपाटं, फरशा.

न खणण्यासाठी हात वर झाले. मी ते हात बघत होते. स्वच्छ, नखं कापलेली, साबणाचा वास येणारे. मावशीचाही वर होता. प्लंबरचा खाली होता, पण दुसऱ्या बाजूनं मत द्यायची वेळ आली तेव्हाही खालीच राहिला. खणायच्या बाजूनं माझा एकटीचा.

मग एका बाईनं सूचना मांडली की खाली मूल आहे हे आता कळलंय, तर रोज एक वाटी जास्त ओतावी, दुधाची. एकमतानं मंजूर. टाळ्या वाजल्या. काहींचे डोळे भरून आले होते. ती बाई येऊन मला मिठी मारून गेली आणि तिच्या गळ्याला पावडरचा वास होता. मी बाहेर जाऊन चरात ओकले. त्यांच्या त्या स्वच्छ चरात.

२० फेब्रुवारी

प्लंबर आला. पायऱ्या उतरून खालच्या कोठीघरात शिरला, पिठाची पोती सरकवली आणि मागच्या भिंतीवर बोटानं खूण केली. ही भिंत एका विटेची, पलीकडे तीन हात माती आणि मग तळघराचं जुनं दार. सहा वर्षं ठाऊक आहे त्याला. मी म्हटलं, मग तुम्ही का नाही? तो म्हणाला, माझंही घर खालच्या गल्लीत आहे.

पहार मात्र ठेवून गेला.

२१ फेब्रुवारी

विटा निघाल्या. दुपारी दोन ते चार. निघालेली माती रिकाम्या पोत्यांत भरते आणि पिठाच्या थप्पीमागे लावते. हातांना फोड आलेत. मावशीनं हात बघितले. हळद आणून दिली.

ती सांगेल का? सांगेल. मला माहीत आहे ती सांगेल.

२२ फेब्रुवारी

दीड हात आत. माती ओली, चिकट, त्या वासानं भरलेली. आता तो वास जेवणात येतो, केसांत येतो. लेकीचा फोन आला, तिला म्हटलं, सगळं छान आहे. तीही खूश.

खालच्या गल्लीत दोन घरांना बारीक तडा गेलाय म्हणे. इंजिनिअर खोटं बोलला नव्हता. मी भोंग्याची जागा बघून ठेवलीय. दार हाताला लागलं की आधी भोंगा, मग दार फोडायचं. कुणी मरायचं नाही. माझ्या हातून तरी—

२३ फेब्रुवारी

दार हाताला लागलं. लाकूड कुजलंय, बोट आत जातं. मी वाजवलं. पलीकडून टिचकी. मग दुसरी. मग खूप, सगळ्या दारावर, खालपासून वरपर्यंत.

मूल दाराशी होतं. तू कितवा पाइप, असं परत विचारलं त्यानं. मी म्हटलं, शेवटचा.

उद्या.

२४ फेब्रुवारी

भोंगा दाबला. वाजला नाही. तार कापलेली होती. नीट, चिमट्यानं. प्लंबरच्या हाताचं काम.

परत येऊन मी दार फोडलं. थांबायला हवं होतं. थांबले नाही. मुलाचा हात फटीतून बाहेर आला होता आणि मी थांबले नाही. तो हात धरून आत सरकले, खिशात ही वही, डोक्याला बॅटरी.

मागे पावलं वाजली. भोकाशी मास्तर आले. गुडघ्यावर बसून, त्याच हळू आवाजात बोलले. म्हणाले, फार वाईट वाटतं, पण डोंगर हलतोय, भोक उघडं ठेवता येणार नाही, तुम्ही समजून घ्याल. मी म्हटलं, आधी मला बाहेर येऊ द्या, मुलाला घेऊन येते. ते म्हणाले, तेवढ्या वेळाचा भरवसा नाही. मग म्हणाले, तुमचा वाटा रोज येईल. शब्द आहे.

पोती आत ढकलली. माझीच पोती. मी भरलेली. एकेक लावताना मावशीचा रडण्याचा आवाज येत होता. रडत होती आणि लावत होती.

तारीख नाही

बॅटरी जपून वापरते.

सातच उरलेत. आणि मूल. अंग सगळं पांढरं, खूप वेळ पाण्यात राहिलेल्या बोटांसारखं सुरकुतलेलं. दात कुणाला नाहीत. उजेड लावला की तोंड झाकतात. ते जवळ आले. माझ्या तोंडावरून, केसांवरून ओले हात फिरवले. मला ओकारी झाली. लाज वाटली. मग बघितलं तर ती जमिनीवर नव्हती. त्यांनी ती वाया— नाही लिहिणार.

मुलाची आई बोलते, कुजबुजत, एकेक शब्द. तिनं सांगितलं, घाबरू नको. इथे एक नियम आहे. नऊ पाइपांतून येतं ते सगळं एका डब्यात जमा करायचं. डबा फिरवायचा. प्रत्येकाला एक घोट, मग परत पहिल्यापासून. सहा वर्षांत कुणी दुसऱ्याचा घोट घेतलेला नाही. दोघं मेले ते आजारानं. भुकेनं एकही नाही.

मी कोपऱ्यात बसले नाक दाबून.

नंतर

काहीच आलं नाही. दोन दिवस असतील. स्वयंपाकघर बंद ठेवलं असणार, भिंत बांधायला. माझ्यामुळे. माझ्या भोकामुळे. यांच्यातलं कुणी दोष देत नाही मला. मूल पाइपाखाली तोंड उघडं ठेवून उभं आहे. सारखं. दुधाची वाटी ठरली होती ना— टाळ्या वाजल्या होत्या—

पोटाशिवाय दुसरं काही ऐकू येत नाही.

नंतर

आलं. झाकण वाजलं. एकाच पाइपातून, एकच जग. सगळे गोळा झाले, ढकलाढकली नाही. ओळ लावली अंधारात, आपोआप. मग त्यांनी मला धरून पुढे केलं. मी नको म्हटलं. आईनं सांगितलं, नवीन माणूस पहिला. एक घोट घ्यायचा आणि मग मुलाला द्यायचा.

डबा हातात दिला. चिकट. काठावर त्यांच्या ओठांची ती पांढरी साय. वास. मला वाटलं, मी ओठ लावूच शकणार नाही—

पेज अळणी होती. गरम.

मी एक घोट घेतला. मग मला माहीत नाही. मला माहीत आहे. मी थांबले नाही. मूल माझ्या गुडघ्याला हात लावून उभं होतं आणि मी सगळं प्याले. त्यांना ऐकू येत होतं मी पितेय ते. कुणी डबा ओढला नाही. कुणी एक शब्द—

रिकामा डबा मुलाकडे दिला. त्यानं हलवून बघितला. मग आतून बोट फिरवलं, सगळ्या बाजूंनी, नीट, शिकवल्यासारखं. आणि ते बोट त्यानं स्वतःच्या तोंडात नाही घातलं. माझ्या तोंडाशी आणलं. मला अजून भूक असेल, असं वाटलं त्याला. आणि मी तेही—